माजघरातला अंधार आणि देवघराचे छायाचित्र: बडोद्यातील एका विद्यार्थिनीचे प्रकरण

मी बडोद्यात छायाचित्रणाचे सायंकालीन वर्ग घेते. माझ्या एका विद्यार्थिनीने सुमारे दहा महिने केलेल्या कामाचा, त्यातल्या एका चुकीचा आणि त्या चुकीनंतर बदललेल्या तिच्या पद्धतीचा हा वृत्तान्त आहे. ही विद्यार्थिनी आणि ज्यांच्या वाड्यात हे सर्व घडले त्या आजी (या तिच्या स्वतःच्या आजी नव्हेत), दोघींनीही लिहिण्यास संमती दिली आहे. नावे आणि वाड्याच्या ओळखू येणाऱ्या खुणा मी जाणूनबुजून वगळल्या आहेत. त्याचे कारण पुढे वाचताना स्पष्ट होईल.

विद्यार्थिनी वीस वर्षांची, वाणिज्य शाखेच्या दुसऱ्या वर्षाला शिकणारी. घरी मराठी, दाराबाहेर गुजराती, अशा रीतीने वाढलेली. गायकवाडांच्या राजवटीत दक्षिणेतून येऊन दांडिया बाजार, रावपुरा या भागांत स्थिरावलेल्या असंख्य कुटुंबांपैकी तिचे एक. तिच्या स्वतःच्या आजीचे माहेर ज्या वाड्यात होते तो पाडला गेला आणि त्या जागी फ्लॅटची इमारत उभी राहिली. त्या वाड्याचे आज कुटुंबाकडे एकच छायाचित्र आहे, कुणाच्या तरी मुंजीत पायऱ्यांवर बसवून काढलेले, आणि त्यात माणसांच्या गर्दीमुळे वाडा जवळजवळ दिसतच नाही. वर्गाच्या पहिल्या दिवशी तिने हे छायाचित्र मला दाखवले आणि उरलेले वाडे पडण्यापूर्वी त्यांची नीट छायाचित्रे काढायची आहेत, असे सांगितले. छंद म्हणून येणारे विद्यार्थी पुष्कळ असतात. इतका नेमका हेतू घेऊन येणारा क्वचित भेटतो.

सुरुवातीची साठ छायाचित्रे

तिने मोबाइलवर काढलेली साठेक छायाचित्रे सोबत आणली होती. चौकटीची जाण चांगली होती, पण सगळ्या चित्रांवर एकच रंगछटा चढवलेली होती: सावल्या निळसर-हिरव्या, उजळ भाग नारिंगी. तयार मिळणाऱ्या अशा छटा एका बोटात लागतात आणि त्यामुळे वेगवेगळ्या ठिकाणांची चित्रे एकाच मालिकेतली वाटू लागतात, हे त्यांचे आकर्षण आहे. परंतु त्या छटेखाली ओसरीच्या भिंतीचा हळदी रंग मातकट झाला होता आणि आजींच्या नऊवारीचा हिरवा राखाडी पडला होता. मी तिला एवढेच विचारले की ही साडी कोणत्या रंगाची आहे, हे पन्नास वर्षांनी तुझ्या चित्रावरून कुणाला सांगता येईल का. तिने त्याच आठवड्यात सर्व छटा काढून टाकल्या आणि मूळ चित्रे पुन्हा पाहायला घेतली. मूळ चित्रांतला खरा प्रश्न तेव्हा उघडा पडला, तो उजेडाचा.

वाड्याची रचना ठाऊक असलेल्याला हा प्रश्न लगेच समजेल. मधोमध आकाशाला उघडा चौक, त्याच्या कडेने ओसरी, मागे माजघर आणि त्याच्याही आत देवघर. प्रत्येक पावलागणिक उजेड कमी होत जातो आणि डोळा तो फरक नकळत सामावून घेतो. कॅमेऱ्याला ते जमत नाही. तिने एव्हाना एक वापरलेला डीएसएलआर (भिंग बदलता येणारा मोठा कॅमेरा) आणि १८-५५ मिलिमीटरचे भिंग घेतले होते. मी तिला छायाचित्र न काढता केवळ मोजमाप करायला सांगितले. आयएसओ (प्रकाशाची संवेदनक्षमता) ४०० आणि भिंगाचे छिद्र एफ ८ कायम ठेवून प्रत्येक जागी कॅमेरा कोणता शटरवेग, म्हणजे शटर किती वेळ उघडे ठेवायला सांगतो, ते तिने वहीत लिहिले. सकाळी दहाच्या सुमारास चौकात १/५०० सेकंद, ओसरीत १/६०, माजघराच्या दाराशी १/८ आणि देवघरासमोर १/२ सेकंद. शटरवेगाची एक पायरी म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा. चौक आणि देवघर यांच्यात अशा आठ पायऱ्या होत्या, म्हणजे चौकातला उजेड देवघरातल्या उजेडाच्या २५६ पट होता. हा आकडा वहीत स्वतःच्या हाताने मांडल्यावर तिला आपली आधीची छायाचित्रे का फसली, ते माझ्या कोणत्याही व्याख्यानापेक्षा अधिक चांगले कळले. हातात धरून ५५ मिलिमीटरवर काढलेले चित्र हलू नये यासाठी तिच्या लहान संवेदकाच्या कॅमेऱ्याला साधारण १/८० सेकंदाचा वेग हवा होता. देवघरात ती अर्धा सेकंद कॅमेरा हातात स्थिर राहील अशी अपेक्षा करत होती.

यावर पहिला उपाय म्हणून तिने तिपाईवर कॅमेरा ठेवून, दोन-दोन पायऱ्यांच्या अंतराने तीन चित्रे घेऊन ती संगणकावर एकत्र केली. तांत्रिकदृष्ट्या निकाल निर्दोष होता. चौकातली तुळस जास्त उजेडाने पांढरीफटक झालेली नव्हती, माजघरातल्या फडताळावरचे डबे मोजता येत होते, तुळईवरचे कोरीवकाम स्पष्ट होते. तिने ते मोठ्या उत्साहाने आजींना दाखवले. आजींनी ते बराच वेळ पाहिले आणि म्हणाल्या, “आमच्या घरात इतका उजेड कधीच नव्हता गं.” या वाक्याने तिच्या कामाला जे वळण मिळाले त्याचे श्रेय मला नव्हे, आजींना आहे. माजघर हे अंधारेच असते. उन्हाळ्यात दुपारी तिथे गारवा असतो तो त्यामुळेच. सगळा अंधार पुसून टाकणारे चित्र तपशिलाने समृद्ध असले, तरी त्या घराविषयी खोटे सांगत होते.

त्यानंतर तिने उजेड वाढवण्याऐवजी उजेडाची वाट पाहण्याचा मार्ग धरला. हिवाळ्यात साडेआठ ते सव्वानऊ या वेळात चौकाच्या पश्चिमेकडच्या भिंतीवर ऊन पडते आणि तिथून परतलेला मऊ प्रकाश माजघराच्या दारातून आत येतो, हे तिच्या लक्षात आले. चौकाच्या फरशीवर धुतलेली पांढरी चादर अंथरली की हाच प्रकाश आणखी थोडा आत ढकलता येतो, ही युक्ती मी सुचवली. ट्यूबलाइट बंद ठेवायची, हेही ठरले, कारण दारातला दिवसाचा प्रकाश आणि ट्यूबचा हिरवट प्रकाश एकाच चेहऱ्याच्या दोन बाजूंवर पडला की तो रंग नंतर सॉफ्टवेअरने सहजासहजी सुधारत नाही. चित्रे रॉ स्वरूपात (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या मूळ नोंदीत) घ्यायची, म्हणजे सावल्या नंतर थोड्या उजळता येतात. मात्र फार उजळल्या तर त्यांत रवाळपणा येतो, म्हणून जो कोपरा खरोखर काळा आहे तो काळाच ठेवायचा. कॅमेरा पाण्याच्या पातळीसारखा सपाट धरायचा, नाहीतर खांब वरच्या बाजूला एकमेकांकडे झुकलेले दिसतात.

या पद्धतीत शटर अर्धा सेकंद उघडे राहते. समोर माणूस असेल तर त्याला तेवढा वेळ स्थिर बसावे लागते. आजी वाती वळत बसलेल्या असताना तिने घेतलेल्या एका चित्रात त्यांचा चेहरा, चष्मा, मागचा खांब सर्व स्पष्ट आहे आणि फक्त दोन्ही तळवे धुरासारखे विरलेले आहेत. वर्गातल्या काहींनी तो दोष मानला. मी मानत नाही. वात वळणारे हात थांबलेले दाखवले असते तर तीच चूक झाली असती.

प्रभाव कोणाचा आणि कशाचा

नवशिक्या छायाचित्रकारावर प्रभाव पडतो तेव्हा बहुधा तो दिसण्याचा असतो: कुणाची काळी-पांढरी धाटणी, कुणाचा तिरपा कोन. या विद्यार्थिनीच्या बाबतीत मला तो प्रभाव वागण्याचा व्हावा असे वाटत होते आणि त्यासाठी बडोद्याइतके योग्य गाव शोधून सापडणार नाही.

ज्योती भट्ट यांचा जन्म १९३४ साली भावनगरला झाला. महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या ललित कला विद्याशाखेत ते शिकले आणि पुढे तिथेच त्यांनी शिकवले. ते मूळचे चित्रकार आणि मुद्राचित्रकार (ठशांवरून चित्रे छापणारे). १९६०च्या दशकाच्या उत्तरार्धापासून त्यांनी गावोगाव फिरून घरांच्या भिंतींवरची चित्रे, रांगोळ्या, अंगणातली मांडणी यांची छायाचित्रे घेतली. २०१९ साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांची छायाचित्रे मी वर्गात दाखवली तेव्हा या मुलीने एक गोष्ट आपणहून टिपली: भिंतीवरचे चित्र दाखवताना ते पुष्कळदा ते काढणारी बाई, तिचे मूल, तिची गुरे यांनाही चौकटीत ठेवतात. तिच्या पहिल्या साठ चित्रांपैकी पन्नासहून अधिक चित्रांत माणूस नव्हता. रिकामा जिना, रिकामा झोपाळा, कुलूप लावलेले दार. वाडे पडायच्या आधीच तिने ते ओस दाखवले होते. त्यानंतर तिने माणसे बाहेर जाण्याची वाट पाहणे सोडले.

दुसरे नाव होमाई व्यारावाला यांचे. नवसारीला १९१३ साली जन्मलेल्या, मुंबईच्या सर जे. जे. कला महाविद्यालयात शिकलेल्या भारतातल्या या पहिल्या स्त्री वृत्तछायाचित्रकार. १९७०मध्ये त्यांनी व्यावसायिक छायाचित्रण थांबवले आणि उत्तरायुष्य बडोद्यात घालवले. २०१२च्या जानेवारीत त्यांचे निधन इथेच झाले. हे काम सोडण्याचे एक कारण त्यांनी नव्या छायाचित्रकारांचे बेशिस्त वागणे असे सांगितले होते. त्यांच्या कॅमेऱ्यांपैकी एक रोलीफ्लेक्स होता. तो कमरेपाशी धरून खाली मान घालून पाहावा लागतो, त्यामुळे समोरच्याच्या डोळ्यांवर कॅमेरा रोखला जात नाही, आणि १२० क्रमांकाच्या फिल्मच्या एका रिळात चौरस आकाराची बाराच चित्रे येतात. मी तिला सहा आठवडे हीच मर्यादा घातली: आठवड्याला बारा चित्रे, चौरस, कॅमेरा कमरेच्या उंचीवर, मागचा पडदा वर वळवून. तिसऱ्या आठवड्यात तिने फक्त सात घेतली आणि त्यांपैकी पाच ठेवण्याजोगी होती.

याच काळात ती रावपुऱ्यातल्या तांबेकर वाड्यात अनेकदा गेली. १८४९ ते १८५४ या काळात बडोदा संस्थानचे दिवाण असलेल्या भाऊ तांबेकरांचा हा वाडा आता पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाच्या संरक्षणाखाली आहे आणि त्याच्या भिंती महाभारतातल्या, कृष्णचरित्रातल्या प्रसंगांनी भरलेल्या आहेत. संरक्षित वास्तूत तिपाई लावायला आगाऊ परवानगी लागते आणि जुन्या रंगांसमोर फ्लॅश वापरणे योग्य नाही. म्हणून ती खांबाला पाठ टेकवून, श्वास रोखून, १/१५ सेकंदावर आठ-दहा चित्रे घेई आणि त्यांतले एक स्थिर निघे. नियम पाळण्याची सवय तिथे होती. खासगी घरात तसा फलक लावलेला नसतो, हाच पुढच्या प्रसंगाचा मुद्दा आहे.

देवघराचे छायाचित्र

दिवाळीनंतर तिने इन्स्टाग्रामवर या कामाची मालिका सुरू केली. सातवे छायाचित्र देवघराचे होते: पेटलेली समई, लाकडी कोरीव देव्हारा, त्यातल्या चांदीच्या मूर्ती आणि बाजूला हात जोडून बसलेल्या आजी. उजेड, रंग, मांडणी, सर्वच दृष्टींनी ते तिचे तोवरचे सर्वोत्तम चित्र होते, असे मी तेव्हाही म्हटले आणि आजही म्हणते. ते पुष्कळांनी पुढे पाठवले. बाराव्या दिवशी, दुपारी, आजी घरात एकट्या असताना एक अनोळखी गृहस्थ दारात आला. त्याच्या मोबाइलवर तेच छायाचित्र होते. देव्हारा आणि ओसरीचे दोन कोरीव खांब विकायचे आहेत का, असे त्याने विचारले आणि नाही म्हटल्यावरही तो आत डोकावत राहिला. जुन्या वाड्यांचे कोरीव लाकूड विकत घेणारे व्यापारी गुजरातेत आहेत आणि तो त्यांच्यापैकी असेलही. पण ब्याऐंशी वर्षांच्या, एकट्या राहणाऱ्या बाईला त्या दुपारी काय वाटले असेल, हे सांगायला नको. परदेशी असलेल्या त्यांच्या मुलाने त्याच रात्री विद्यार्थिनीच्या घरी फोन केला. त्याचा राग पूर्णपणे रास्त होता.

घराचा पत्ता बाहेर कसा गेला, हे आम्ही दोघींनी बसून शोधले. मार्ग एक नव्हता. चित्राबरोबर तिने परिसराचे नाव जोडले होते. त्याच मालिकेतल्या तिसऱ्या चित्रात दरवाज्यावरची नावाची पाटी वाचता येत होती. याशिवाय जुन्या वास्तूंची आवड असलेल्या एका गटाला तिने मोबाइलवरच्या मूळ फाइली ड्राइव्हच्या दुव्याने दिल्या होत्या. मोबाइलमध्ये स्थाननोंद चालू असेल तर प्रत्येक चित्राच्या फाइलीत अक्षांश-रेखांश लिहिले जातात, आणि ते काही मीटरपर्यंत नेमके असू शकतात. इन्स्टाग्रामवर दिसणाऱ्या चित्रातून ही नोंद काढून टाकलेली असते, व्हॉट्सअ‍ॅपवर साधे छायाचित्र म्हणून पाठवले तरी ती गळते. परंतु व्हॉट्सअ‍ॅपवर डॉक्युमेंट म्हणून किंवा ड्राइव्हवरून मूळ फाइल दिली तर ती तशीच जाते. तिच्या डीएसएलआरला स्थाननोंदीची सोयच नसल्याने त्याच्या फाइली कोऱ्या होत्या. म्हणजे मोठ्या कॅमेऱ्याने काढलेली, काळजीपूर्वक घेतलेली चित्रे सुरक्षित होती आणि सहज काढलेल्या मोबाइलच्या चित्रांनी घर दाखवून दिले होते.

मात्र पाटी आणि अक्षांश यांवर सगळा दोष टाकणे मला पटत नाही. आजींनी छायाचित्राला होकार दिला होता, हे खरे. “काढ गं, त्यात काय,” असे त्या म्हणाल्या होत्या. त्यांच्या आयुष्यात छायाचित्र काढणे म्हणजे अल्बमात एक चित्र वाढणे. ते हजारो अनोळखी माणसांच्या हातात जाईल, ही कल्पना त्या शब्दांत नव्हती आणि ती त्यांना कुणी दिलीही नव्हती. या त्रुटीत माझाही वाटा आहे. माझ्या वर्गात चित्रे प्रसृत करण्याविषयीचा पाठ सर्वांत शेवटी येत असे आणि त्यात मी चित्राची रुंदी, एसआरजीबी रंगव्यवस्था, कोपऱ्यातली सही यांविषयी बोलत असे. ज्याचे चित्र आहे त्याच्याविषयी बोलत नसे. कॉपीराइट कायद्याबद्दल मात्र सांगत असे: १९५७च्या कायद्याने छायाचित्राचा हक्क सामान्यतः ते काढणाऱ्याचा असतो आणि २०१२च्या दुरुस्तीनंतर तो त्याच्या हयातीनंतरही साठ वर्षे टिकतो. हे ऐकलेल्या विद्यार्थ्याला चित्र आपले आहे एवढेच कळते.

त्यानंतरची पद्धत

तिने सर्व चित्रे त्याच रात्री इन्स्टाग्रामवरून काढून टाकली आणि दुसऱ्या दिवशी आईला सोबत घेऊन आजींकडे गेली. पहिल्या भेटीत फक्त क्षमा मागितली. कॅमेरा नेला नव्हता. आठवड्याने तिने त्या घरात काढलेल्या अडतीस चित्रांच्या चार बाय सहा इंची प्रती छापून नेल्या, आणि सोबत मोठ्या अक्षरांतला एक मराठी कागद. त्यावर प्रत्येक चित्रासाठी तीन वेगवेगळे प्रश्न होते: हे चित्र मी माझ्याकडे ठेवू का, हे प्रदर्शनात किंवा पुस्तकात दाखवू का, आणि हे इंटरनेटवर टाकू का, जिथून ते कुणीही उतरवून घेऊ शकेल. तिसऱ्या प्रश्नाचा अर्थ समजावून देण्यासाठी तिने आपल्या मोबाइलवर एक चित्र दुसऱ्या मोबाइलवर कसे उतरते ते करून दाखवले. मुलालाही तोच कागद पाठवला.

आमचा दोघींचा अंदाज असा होता की आजी स्वतःचे चेहरे असलेली चित्रे नाकारतील आणि वस्तूंच्या चित्रांना हरकत घेणार नाहीत. घडले उलट. चेहरा दिसणाऱ्या बहुतेक चित्रांना त्यांनी तिन्ही प्रश्नांवर होकार दिला. वाती वळतानाचे चित्र तर “सगळ्यांना दाखव” म्हणाल्या. देवघराचे चित्र मात्र इंटरनेटसाठी नाकारले. “चेहरा माझा आहे, पण देव घरातल्या सगळ्यांचे आहेत,” असे त्यांचे कारण होते. स्वयंपाकघरातली ओल आलेली भिंत दाखवणारे चित्र त्यांनी प्रदर्शनासाठीही नाकारले, कारण लोक सुनेला नावे ठेवतील. अडतीसपैकी तेवीस चित्रांना पूर्ण परवानगी मिळाली. कोणत्याही तयार नमुन्यातल्या एका सहीने ही विभागणी हाती आली नसती.

आता ती चित्र टाकताना परिसराऐवजी फक्त शहराचे नाव लिहिते, मोबाइलची स्थाननोंद बंद ठेवते आणि मूळ फाइल कुणाला देण्यापूर्वी तिच्यातील माहिती पुसते. पाटी, वीजमीटरचा क्रमांक, टपालपेटीवरचे नाव हे चौकटीत येत असेल तर ती कॅमेरा दोन पावले सरकवते. चित्राची रुंदी ती १०८० पिक्सेल एवढीच ठेवते, म्हणजे मोठी प्रत छापण्याजोगी फाइल बाहेर जात नाही. आडवी चित्रे उभ्या चौकटीत कापली तर तुळईची दोन्ही टोके जातात, म्हणून तिने वर-खाली पांढरी पट्टी सोडून पूर्ण चित्र ठेवण्याचे ठरवले. चित्र लहान दिसते, पण घर पूर्ण दिसते. दुसऱ्या एका वाड्यात तिने काम सुरू केले आहे आणि तिथे पहिला कागद कॅमेऱ्याच्या आधी नेला. त्या घरच्या काकांनी दोन खोल्यांना सुरुवातीलाच नाही म्हटले.

इन्स्टाग्रामवरून काढून टाकलेल्या चित्रांचे काय झाले, तेही नोंदवायला हवे. देवघराचे चित्र निदान चार ठिकाणी पुन्हा टाकलेले आढळले, त्यांपैकी दोन ठिकाणी तिचे नाव कापून. तिने चौघांनाही मराठीत आणि गुजरातीत लिहिले. दोघांनी ते लगेच काढून टाकले. तिसऱ्याने उत्तर दिले नाही, म्हणून तिने छायाचित्रकार या नात्याने कॉपीराइटची तक्रार नोंदवली आणि ते चित्र आठवड्याभराने दिसेनासे झाले. चौथे अजून तिथेच आहे. आजींकडे त्याच चित्राची आठ बाय बारा इंची प्रत आहे. ती त्यांनी बैठकीच्या खोलीत न लावता देवघराच्या आतल्या बाजूला, बाहेरून दिसणार नाही अशी लावून घेतली आहे. त्यांच्या मुलाने ओसरीच्या दाराला साखळी बसवून घेतली आहे.